पायमोज्यातले कुसळ

आमचे भाचेबुवा अमेरिकेत असतात. हे वाक्य आता आळीतल्या कोणत्याही घरात ऐकू येते. त्यात सांगण्यासारखे काही उरलेले नाही. पण आमचे भाचेबुवा अमेरिकेत चालतात, हे मात्र जरा निराळे. शनिवार उजाडला की पाठीला पिशवी बांधायची, घोट्यापर्यंत येणारे बूट चढवायचे आणि तीन-चारशे मैल मोटार हाकून कुठल्या तरी रानात जायचे, ते केवळ दिवसभर पायी हिंडण्यासाठी! माझ्या बहिणीला याचा उलगडा अजून झालेला नाही. "घरात मोटार असून पायी कशाला रे चालतोस?" असे ती त्याला दर फोनवर विचारते.

२०२४ च्या दिवाळीला भाचेबुवा रजा काढून वर्ध्याला, आजोळी आले. पाडव्याच्या सकाळी चिवड्याचे ताट मध्ये ठेवून आम्ही सारे बसलो असता त्यांनी फोन काढला आणि फोटो दाखवायला सुरुवात केली. साउथ डकोटा नावाच्या संस्थानातला तो मुलूख. पुढे मांडीपर्यंत येणारे पिवळे गवत, क्षितिजापर्यंत पसरलेले. आणि त्या गवतातून, कसलीही पूर्वसूचना न देता, उठलेले मातीचे सुळके, कडे, भिंती. राखी, तांबूस, पिवळट असे आडवे पट्टे त्यांच्या अंगावर. कुणी सुगरणीने भाकऱ्यांची चवड रचावी आणि कुणी व्रात्य पोराने ती कडेकडेने कुरतडून टाकावी, तसे ते दृश्य. ह्या सुळक्यांमधून आणि गवतामधून जाऊन-येऊन दहा मैलांची एक पाऊलवाट आहे. ती भाचेबुवांनी एका दिवसात पुरी केली होती.

फोटो खरोखरच सुंदर होते. आमची बारा वर्षांची कन्या तर ताटातले बेसनाचे लाडू विसरून पाहत राहिली. आणि मग भाचेबुवा सहज म्हणाले, "मामा, तुमच्या वर्ध्याकडे असं काही नाही ना?"

प्रश्नातला 'नाही ना' मी सोडून दिला असता. पण 'तुमच्या' हा शब्द लागला. ज्याचे जावळ ह्याच घराच्या अंगणात काढले, त्याचे वर्धा एकाएकी 'तुमचे' झाले! मराठीच्या प्राध्यापकाला सर्वनाम फार झोंबते.

मी उत्तर देण्यापूर्वीच सौभाग्यवती आत गेल्या आणि देवघरातून एक वस्तू आणून त्यांनी ती भाचेबुवांच्या तळहातावर ठेवली. "ही फोडून दाखव," त्या म्हणाल्या.

ती सुपारी होती. निदान दिसायला तरी. मळकट पांढरी, गोल, एका बाजूला किंचित चपटी. भाचेबुवांनी ती दाबून पाहिली, दाताखाली धरण्याचाही विचार केला असावा; मग वजनावरून त्यांच्या ध्यानात आले. दगड!

ही सुपारी माझ्या आईची. मी सात-आठ वर्षांचा असताना तिच्याबरोबर गिरडला गेलो होतो तेव्हा मीच ती टेकडीवर वेचली होती. समुद्रपूर तालुक्यातले गिरड आमच्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि नवस फेडायला हिंदू-मुसलमान दोघेही सारख्याच श्रद्धेने चढतात. टेकडीवर असे गोटे विखुरलेले असतात. त्यांची कथा इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरातही नोंदलेली आहे. दोन फिरते व्यापारी माल घेऊन चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली. बाबांनी त्यांच्या साऱ्या मालाचे दगड करून टाकले. व्यापारी पायांवर पडले, तेव्हा बाबांनी सुकलेल्या पाल्यापासून त्यांना नवा माल करून दिला. ते दोघे मग धंदा सोडून तिथेच राहिले. आई ही कथा सांगताना शेवटी मला बजावी, "म्हणून कुणाच्या साधेपणाला हसू नये." मी तेव्हा दगडाकडे पाहत होतो, बोध ऐकायचे माझे वय नव्हते.

पुढे कॉलेजातल्या एका भूगर्भशास्त्राच्या स्नेह्याने दगडाचे शास्त्रीय नाव सांगितले: झिओलाइट. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी ह्या साऱ्या मुलखावर तप्त रसाचे थरावर थर पसरले. आपण ज्याला काळा पत्थर म्हणतो तो त्याच रसाचा. रस थिजताना आतल्या वायूचे बुडबुडे तसेच राहिले, दगडात पोकळ्या झाल्या आणि पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून क्षार साचत साचत त्या पोकळ्या भरल्या. भोवतालचा काळा दगड झिजला की हे भरलेले बुडबुडे सुटे होऊन बाहेर पडतात. १७५६ साली क्रॉन्स्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने अशा खनिजाचा तुकडा तापवला, तो आतले कोंडलेले पाणी सुटून उकळल्यासारखा फसफसला. म्हणून त्याने ग्रीक भाषेतून 'उकळणारा दगड' असे त्याचे बारसे केले. आमच्या आईला हे मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बाबांनीच पाणी कोंडलं की!" यावर मी काय बोलणार?

असो. ह्या सुपारीने पाडव्याच्या सकाळी वादाला तोंड फुटले आणि त्याची परिणती अशी झाली की भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता भाचेबुवा, कन्या आणि अस्मादिक असे तिघे आर्वीच्या एसटीत बसलो होतो. गिरडला न जाता आर्वीकडे का, असे वाचक विचारतील. गिरडला दगड आहे. पण भाचेबुवांच्या फोटोत दगड आणि गवत दोन्ही होती. तशी जागा जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, आर्वी आणि कारंजा घाडगे तालुक्यांतल्या डोंगराळ पट्ट्यात आहे, एवढे मला ऐकून ठाऊक होते. ऐकून म्हणतो, कारण इतकी वर्षे वर्ध्यात राहून मी तिथे एकदाही पायी हिंडलो नव्हतो. बी. ए. च्या वर्गातला माझा एक विद्यार्थी त्या भागातल्या नंदगवळ्यांपैकी. त्याचे गाव मी सांगत नाही. दिवाळी अंक वाचून मोटारी भरभरून माणसे तिथे गेली तर त्याचा आजा मला बोल लावील.

एसटीने खरांगणा मागे टाकले तसे कपाशीचे सपाट रान संपून जमिनीला वळ्या पडू लागल्या. भाचेबुवा वाटेत आपल्या त्या मुलखाची माहिती सांगत होते. तिथले मूळ रहिवासी लकोटा लोक. त्यांनी त्या जागेला 'माको सिका' म्हणजे वाईट भूमी म्हटले. मागाहून आलेल्या फ्रेंच शिकाऱ्यांनीही 'ओलांडायला वाईट जमीन' असेच नाव दिले आणि इंग्रजीत ते 'बॅडलँड्स' झाले. पाणी नाही, नांगर चालत नाही, घोड्याचा पाय मुरगळतो. पुढे त्याच वाईट भूमीला १९३९ साली राष्ट्रीय स्मारक आणि १९७८ साली राष्ट्रीय उद्यान केले. त्या गवतावर चरणारे रानगवे गोऱ्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात लाखांनी मारून जवळजवळ नाहीसे केले होते. ते १९६३ साली बाहेरून आणून तिथे पुन्हा सोडावे लागले.

"आधी मारायचे, मग आणून सोडायचे," कन्या म्हणाली. तिच्या शाळेत निबंधाला चांगले गुण का मिळतात ते मला कळले.

मला मात्र त्या नावाने विचारात पाडले. वाईट भूमी! आमच्याकडे हाच शब्द आहे. जुन्या जमाबंदीत आमच्या भागातल्या जमिनीची प्रतवारी लावलेली असे: काळी, मोरंड, खरडी आणि सर्वांच्या शेवटी बरडी. काळी म्हणजे कापसाची राणी, मोरंड तिची धाकटी बहीण, खरडी कशीबशी, आणि बरडी म्हणजे मुरूम, गोटे, वीतभर माती. बरडीला सारा कमी, मान कमी, आणि मुलीचे लग्न ठरवताना "जमीन आहे, पण बरड आहे" असे सांगितले की समोरचा माणूस पानाला चुना लावून उठतो. लकोटांची माको सिका आणि आमची बरड यांत भाषेखेरीज अंतर नाही.

आर्वीला विद्यार्थी मोटारसायकल घेऊन हजर होता, बरोबर त्याचा एक मित्र. गावात पोचलो तेव्हा सूर्य कासराभर वर आला होता. विद्यार्थ्याचा आजा गोठ्यापाशी उभा होता: वय सत्तरीच्या पुढे, पण काठी केवळ हातात शोभेला असावी असा ताठ. त्याने आमच्याकडे, मग भाचेबुवांच्या बुटांकडे पाहिले.

"पाव्हणे लढाईवर चालले का जी?" त्याने मला विचारले.

गोठ्यात अकरा गायी होत्या. पांढऱ्याशुभ्र, लांबट तोंडाच्या, पायाने हलक्या. दिवाळीच्या गायगोधनात रंगवलेले गेरूचे ठसे अजून त्यांच्या अंगावर होते. ह्याच त्या गवळाऊ. ही जात आमच्या वर्धा जिल्ह्याची आणि आसपासच्या डोंगराळ पट्ट्याची. मराठ्यांच्या फौजांना डोंगरातून सामान भराभर न्यायला चपळ बैल लागत. त्यासाठी ही जात जोपासली गेली असे म्हणतात. जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे दिवस वर्ध्याच्या गोपुरीत झोपडी बांधून गोसेवेत घालवले. १९४२ च्या फेब्रुवारीत ते गेले. गवळाऊचे नाव तेव्हा देशभरच्या मंडळींच्या कानांवर गेले असेल. आज वर्धा शहरातल्या शाळेत विचारा, मुलांना जर्सी ठाऊक असते.

"माह्या बापापाशी साठ होत्या," आजा म्हणाला. "मले लग्नात पस्तीस भेटल्या. आता ह्या अकरा. आन् ह्या पोराले त्याही जड झाल्या."

विद्यार्थी खाली पाहत राहिला. त्याचा मनसुबा मला ठाऊक होता: गायी विकून टाकायच्या आणि बुटीबोरीला कारखान्यात नोकरी धरायची. एकदा तास संपल्यावर त्याने माझा सल्लाही विचारला होता. मी तेव्हा घड्याळाकडे पाहून 'नोकरी बरी' असे काहीसे बोललो होतो.

गायींमागून आम्ही निघालो. भाचेबुवांच्या अमेरिकेत वाटेवर ठरावीक अंतराने खांब रोवलेले असतात म्हणे; आमच्या वाटेवर शेण होते आणि ते खांबांपेक्षा विश्वासाचे, कारण जिथे ढोरे जातात तिथे वाट असतेच. गावाबाहेरची पळसाची झाडी संपली, एक चढ लागला, आणि चढ संपताच भाचेबुवा थबकले.

समोर पठार होते आणि पठारभर गवत. पावसाळ्यात हिरवे असलेले ते आता पिकून सोनेरी, मधेच तांबूस झाले होते. वाऱ्याची झुळूक आली की सारा माळ एका बाजूला कलंडे आणि पुन्हा उठे. दूरवर गरमसूरकडचे डोंगर निळसर दिसत होते. कुठून तरी तित्तिर ओरडला. एक झाड नाही, एक घर नाही, विजेचा खांब नाही.

भाचेबुवांनी फोन काढला नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो.

दोन तास आम्ही त्या माळावरून चाललो. आजा पुढे, मागे गायी, मग आम्ही. मला आतापर्यंत गवत म्हणजे गवत एवढेच ठाऊक होते. आजाला ते माणसांसारखे नावानिशी ठाऊक. हा शेडा, हा पवन्या. गायीला ह्यानेच दूध चढते. हे मारवेल, काळ्या मातीच्या खळग्यात असते. ही तिखाडी, हिचे पान चोळा. कन्येने चोळले आणि हात नाकाशी नेला. लिंबू आणि गुलाब एकत्र कुटल्यासारखा वास. ह्याच तिखाडीचे तेल काढून रोशा तेल म्हणून विकतात. साबणात आणि अत्तरात जाते. पिकलेल्या तिखाडीला गाय तोंड लावत नाही. "अत्तर खाऊन पोट कसं भरन जी?" आजा म्हणाला.

आणि कुसळी. तिची ओळख आजाने करून द्यावी लागली नाही. ती आपणहून पायमोज्यांत शिरली. अर्ध्या तासात माझ्या आणि कन्येच्या पायांना इतक्या सुया टोचू लागल्या की आम्ही एका गोट्यावर बसून त्या उपटू लागलो. भाचेबुवांचे बूट उंच, पण पायमोजे त्याहून उंच; त्यांचीही सुटका झाली नाही. एकेक दाणा पाहण्यासारखा होता. खाली टोकदार, उलट्या केसांचे बोट आणि वर दोन-तीन इंचांचे काळपट शेपूट, दोरीसारखे पिळलेले. भाचेबुवांनी एक कुसळ तळहातावर घेऊन त्याच्यावर बाटलीतले थेंबभर पाणी टाकले. थोड्या वेळाने ते हालले! पीळ उलगडू लागला आणि कुसळ स्वतःभोवती संथपणे फिरू लागले. ओल आली की पीळ सुटायचा, सुकले की पुन्हा बसायचा. दहिवर आणि ऊन, रात्र आणि दिवस, असे फिरत फिरत ते बी गिरमिटासारखे स्वतःला जमिनीत पेरून घेते. नांगर नको, पाभर नको.

गेली वीस वर्षे मी वर्गात 'दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही' ह्या म्हणीचा अर्थ सांगत आलो आहे. कुसळ म्हणजे बारीकशी काडी, असे फळ्यावर लिहीत आलो आहे. कुसळ डोळ्यात काय करील ते मला त्या दिवशी पायमोज्यावरून कळले.

माळाच्या कडेला जमीन एकदम तुटली होती. पावसाळी नाल्यांनी पठाराची धार कुरतडून खोल घळी पाडल्या होत्या. तिथे आम्ही उतरलो. घळीच्या भिंतीत मला ती चवड दिसली: वर मुरूम, मग काळा पत्थर, त्याखाली भाजल्या विटेसारखा तांबडा मातीचा पट्टा, खाली पुन्हा काळा पत्थर. दोन रसांच्या मध्ये जो काळ गेला त्यात वरच्या दगडाची माती झाली आणि पुढच्या लोंढ्याने तिला झाकून भाजून काढले. तो हा तांबडा पट्टा. काही ठिकाणी दगड कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटत होता. कन्येने वरचे पापुद्रे हातांनी सोलले तर आत टणक काळा गड्डा निघाला. आणि एका कोपऱ्यात, चाळणीसारख्या दगडाच्या भोकांत, पांढरे ठिपके. मी खिशातली सुपारी काढून त्यांच्याशेजारी धरली. एकाच घराण्यातली.

भाचेबुवा ह्या बाबतीत माझ्याहून जाणते निघाले. त्यांच्या बॅडलँड्सचे थर मऊ, गाळाचे आणि राखेचे. वर्षाला सुमारे इंचभर झिजतात, आणि ते सुळके कोरले जायला लागून पाचएक लाख वर्षेच झाली आहेत. "भूगर्भाच्या हिशेबाने कालचीच गोष्ट, मामा. पुढच्या पाच लाख वर्षांत सगळं वाहून जाणार. हा काळा दगड एवढ्यात हलत नाही." त्यांचा स्वर असा होता की जणू त्यांनीच तो ओतला होता. 'तुमच्या वर्ध्याकडे' हा प्रयोग त्यानंतर ऐकू आला नाही.

आमच्या ह्या दगडांचा पहिला नीट अभ्यास करणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप होते. ज्यांचे नाव नागपूरच्या कॉलेजला आहे ते हेच मिशनरी. १८५० नंतरच्या दशकात त्यांनी आणि हंटर यांनी नागपूरभोवतालचा मुलूख पिंजून काढला आणि दोन रसांमधल्या तळ्यांच्या गाळातले शंख-शिंपले, पाने, बिया गोळा केल्या. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परत येत असता पुराच्या नाल्यात त्यांचा अंत झाला. ज्या पाण्याने हे दगड उघडे केले, त्याच पाण्याने त्यांना नेले.

दुपारी घळीच्या सावलीत भाकरी, पिठले आणि आमच्या घरच्या चकल्या असे जेवण झाले. मग आजा म्हणाला, "आता दुसरी बाजू दाखवतो."

माळाच्या दुसऱ्या अंगाला, फर्लांग-दोन फर्लांगांवर, चर खणलेले होते. ओळीने, मोजूनमापून, शेकडो. चरांतला मुरूम वर काढून बांध घातले होते आणि बांधांवर कधी काळी रोपे लावली असावीत. आता काटक्या उभ्या होत्या. एक फलक उताणा पडला होता, त्याच्यावरची अक्षरे उडून गेली होती. कोणी लावले, कोणत्या योजनेत, ते मी विचारले नाही. लावणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार. झाडे लावा म्हणून मीही कॉलेजात दरवर्षी भाषण करतो. पण वीतभर मातीत झाड जगले नाही, आणि मुळासकट उलटलेले गवत परत आले नाही. चराच्या दोन्ही अंगांनी तरोटा आणि गाजरगवत माजले होते. गायी तिथवर आल्या, त्यांनी हुंगले आणि आपोआप वळल्या.

"लोकाईले वाटते झाड म्हंजे रान," आजा म्हणाला. "गवताले रान कोणी म्हनतच नाही. हे गवत माह्या आजाच्या आजापासून हाये. वरून कापून न्या, गाईले चारा, पुन्हा येते. फक्त मूळ उपटू नका."

मी हिशेब करू लागलो. झाड जळाले की दिसते, पेपरात फोटो येतो. गवत गेले तर जागा फक्त थोडी जास्त तपकिरी दिसते. पण ह्याच वीतभर मातीला मुळांच्या जाळीने ते धरून ठेवते, पाऊस अडवून खाली मुरवते. ह्याच डोंगराळ भागात उगम पावणारी धाम नदी पुढे पवनारला विनोबांच्या आश्रमाखालून वाहते आणि वर्धा शहराच्या नळांनाही तिचेच पाणी. म्हणजे माझ्या घरच्या चहात ह्या माळाचा वाटा होता. घळी त्या चरांपासून फार लांब नव्हत्या. बॅडलँड्स पाहायला सुंदर असतात खऱ्या. पण ज्याच्या गायी तिथे चरतात त्याच्यासाठी घळ एकेक हात वर सरकणे म्हणजे काय, ते फोटोत येत नाही.

परत फिरताना आजाने एकदम विचारले, "मास्तर, तुमी शिकलेले. सरकारच्या कागदात ह्या जागेले काय म्हनते जी?"

मला विद्यार्थ्याने ते आधीच सांगितले होते. "झुडपी जंगल," मी म्हणालो.

आजाने काठी टेकून चहूकडे पाहिले. पठारभर गवत वाऱ्याने लवत होते. "झुडूप कुठी हाये?" तो म्हणाला.

आम्ही सारे हसलो. मीही हसलो आणि मग मला ते हसू टोचू लागले, पायमोज्यातल्या कुसळासारखे. शब्द हा माझा धंदा आहे. शेतीला निरुपयोगी, झाड वाढण्यास नालायक, झुडपे असलेली जमीन, म्हणून जुन्या दप्तरात कुणा कारकुनाने दोन शब्द लिहिले. ते पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत हजारो हेक्टरांना चिकटले. देशाच्या नकाशांतही अशा माळांचा मोठा भाग 'पडीक' ह्या रंगात रंगवला जातो. पडीक म्हटले की कुणीतरी तिचे काहीतरी करायला हवे असे वाटू लागते: झाडे लावा, कारखाना घाला, प्लॉट पाडा. अकरा गायी तिथे रोज जेवतात ही गोष्ट त्या शब्दात मावत नाही. आणि विद्यार्थ्याला 'नोकरी बरी' म्हणून सांगताना माझ्याही डोक्यात, मला वाटते, तोच शब्द होता.

उतरताना विद्यार्थी माझ्या बरोबरीने चालत होता. मी त्याला म्हणालो, "मी तेव्हा घाईनं बोललो रे."

"नाही सर," तो म्हणाला, "तुम्ही बरोबरच बोलले. दूध नेणारी गाडी गावात येत नाही. आजा गेल्यावर माळावर कोण जाईल?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्याला विचारले की गवतांची ही नावे त्याला येतात का. काही येतात, म्हणाला. मग आजाकडून सगळी लिहून घे, दिवाळीच्या सुट्टीचा स्वाध्याय समज, असे मी सांगितले. दुसरे काही देण्यासारखे मास्तरापाशी असते कुठे?

रात्री घरी सौभाग्यवती सुई घेऊन आमच्या पायमोज्यांतली कुसळे काढीत बसल्या होत्या आणि प्रत्येक कुसळामागे आम्हांला काहीतरी ऐकवत होत्या. भाचेबुवांना एक कुसळ अमेरिकेला न्यायचे होते. परदेशी बी आत नेऊ देत नाहीत, हे त्यांचे त्यांनाच आठवले. तेव्हा त्यांनी दगडाची सुपारी मागितली. ती मामींनी दिली नाही. "गिरडला जा, वाकून स्वतः वेच," असे सांगितले. जाण्याआधी ते खरोखर गेले.

पुढे २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. झुडपी जंगल ही वनजमीनच समजावी, असे त्यात म्हटले आहे. प्रश्न होता सुमारे ८६ हजार हेक्टरांचा. प्लॉट पाडणाऱ्यांच्या हातून जागा वाचेल, म्हणून मला आनंद झाला. त्याच आनंदात मी विद्यार्थ्याला फोन केला. त्याने आजाला निकाल समजावून सांगितला होता. आजाने सगळे ऐकून घेऊन विचारले म्हणे, "म्हंजे कागदात आता जंगल झालं. मंग गाईले जाऊ देतीन का?" विद्यार्थी बुटीबोरीला लागला आहे; शनिवार-रविवार गावी जातो. चार गायी पोळ्याआधी विकल्या. सात आहेत. स्वाध्यायाची वही त्याने मला आणून दिली: एकतीस गवतांची नावे, प्रत्येकापुढे कोणत्या महिन्यात पिकते आणि गायीला आवडते की नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर एक निरोपही होता. आजाने विचारले होते, ते लढाईवाले पाव्हणे ह्या दिवाळीले येते का जी, यावर्षी पाऊस चांगला झाला, गवत छातीले लागते.